खारबांध, खाडी आणि आखणी : पेण व रोहे तालुक्यांतील नियोजनाचा इतिहास

प्रादेशिक नियोजन या विषयावर आपल्याकडे जे लेखन होते, त्याचा आरंभ बहुधा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमापासून केलेला आढळतो. त्यापूर्वी खेड्यापाड्यांतून आखणी अशी काही नव्हतीच, लोक आपले जसे सुचेल तसे वसत व पिकवत गेले, असे या लेखनात स्पष्ट शब्दांत म्हटले नसले तरी गृहीत धरलेले असते. पेण आणि रोहे या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा इतिहास पाहिला असता हे गृहीत टिकत नाही. जमीन कोणती राखावी, पाणी कोठे अडवावे व कोठे सोडावे, माल कोणत्या वाटेने न्यावा, आणि या सर्वांचा खर्च व श्रम कोणी सोसावे, यांविषयीचे निर्णय येथे कित्येक पिढ्या सामुदायिक रीतीने होत आले होते. ते निर्णय नकाशावर नव्हते, बांधावर होते. पुढे ते बांधावरून कचेरीत कसे गेले आणि जाताना काय सांडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. पूर्वेस सह्याद्रीच्या सोंडा, मध्ये भाताची खाचरे, आणि पश्चिमेस भरतीच्या पाण्याने वेढलेली सपाट, चिकण मातीची पट्टी, अशी पेण तालुक्याची रचना आहे. या पश्चिम पट्टीलाच खारेपाट म्हणतात. पाताळगंगा, पेणची भोगावती आणि नागोठण्यावरून येणारी अंबा या नद्या धरमतरच्या खाडीच्या परिसरात समुद्राकडे उतरतात. दक्षिणेस कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीस जाते; पलीकडच्या काठावरील अष्टमी आणि रोहे मिळून एकच नगरपालिका आहे. दोन्ही गावे समुद्रकाठची नव्हेत, पण दोन्हींना समुद्राचे पाणी पोहोचते. डोंगरातून वेगाने येणारे पावसाचे पाणी आणि खाडीतून वर चढणारे भरतीचे पाणी यांच्या मध्ये ही वस्ती सापडलेली आहे. येथील आखणीचा मूळ प्रश्न हाच होय, आणि पुढील काळात तो जेव्हा जेव्हा विसरला गेला तेव्हा तेव्हा त्याने आपली आठवण करून दिली आहे.

खारेपाटातील शेती ही मुळात बांधलेली शेती आहे. उधाणाचे पाणी आत येऊ नये म्हणून खाडीच्या बाजूस मातीचा मोठा बांध घालावयाचा, त्याला ठिकठिकाणी उघाडी ठेवावयाची, आणि आतील जमीन पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊ द्यावयाची. उघाडीची युक्ती साधी पण विचारपूर्वक योजलेली आहे. ओहोटीच्या वेळी आत साठलेल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप बाहेरच्या बाजूस उघडते व पाणी निघून जाते; भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तीच झडप मिटते. अशा तऱ्हेने काही पावसाळे गेले म्हणजे मातीतील क्षार उतरतो व भात येऊ लागते. या जमिनीत नेहमीची आवणी न करता मोड आणलेले बी टाकण्याची रीत, म्हणजे रहू, रूढ झाली तीही मातीच्या याच स्वभावामुळे. बांधाच्या आतल्या तळ्यांत जिताड्यासारखा मासा वाढविणे आणि बांधाबाहेर मिठागरे करणे, हे याच व्यवस्थेचे जोडधंदे होत. भात, मासा व मीठ या तिन्हींचे उत्पन्न एका बांधावर अवलंबून होते.

असा बांध एकट्या शेतकऱ्यास घालता येत नाही आणि राखताही येत नाही. आपला तुकडा कितीही नीट ठेवला तरी शेजाऱ्याच्या हद्दीत खांड पडली की पाणी सर्वांच्या शेतात शिरते. त्यामुळे बांध राखण्याचे काम सामुदायिकच असावे लागते. या सामुदायिक व्यवस्थेस खारेपाटात जोळ म्हणत. एका बांधाखाली ज्यांची जमीन आहे त्यांनी एकत्र बसावयाचे, भाताची कापणी झाल्यावर बांधाची पाहणी करावयाची, कोठे माती खचली, कोठे खेकड्यांनी बिळे केली, कोणती उघाडी नादुरुस्त आहे हे ठरवावयाचे, आणि घरोघरचे श्रम लावून पावसाळ्यापूर्वी काम उरकावयाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खांड गेलीच तर हाकेसरशी धावून जाऊन चिकण माती, फांद्या व पेंढा यांनी ती बुजवावयाची. समाजशास्त्राच्या परिभाषेत ज्याला सामाईक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीस २००९ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला तो अशाच संस्थांच्या अभ्यासाबद्दल. त्यांच्या ग्रंथांतील स्पेनमधील कालव्यांची वा फिलिपीन्समधील पाटबंधारे-संघांची उदाहरणे वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी पेणच्या जोळाकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

तथापि या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. जोळात श्रम करणारा आणि पिकाचा मोठा वाटा नेणारा हे नेहमी एकच नसत. खारजमीन लागवडीस आणण्यासाठी भांडवल घालणाऱ्यास किंवा बांध राखण्याची जबाबदारी पत्करणाऱ्यास विशेष हक्क देणारी शिलोत्री नावाची पद्धती या भागात प्रचलित होती. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८३ साली निघालेल्या कुलाबा व जंजिऱ्याच्या गॅझेटियरात तिची माहिती आहे. शिलोत्रदाराने बाहेरचा बांध सांभाळावा आणि त्याबद्दल कुळांकडून धान्याच्या रूपाने ठराविक वाटा घ्यावा, हा तिचा गाभा. हक्क आणि कर्तव्य येथे एकमेकांस बांधलेले होते, आणि जोवर ते बांधलेले राहिले तोवर पद्धती चालली. परंतु हक्क वंशपरंपरेने उतरतो, विकता येतो, गहाण पडतो. कर्तव्य तसे उतरतेच असे नाही. सावकार व खोत यांच्या हाती जमिनी गेल्या, खंड वाढले, आणि बांधावर राबणाऱ्या कुळाच्या पदरी कर्ज उरले.

या विसंगतीचा स्फोट पेणच्या शेजारीच, अलिबाग तालुक्यातील चरी येथे झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला, व तो संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी इतका दीर्घ काळ आपली शेते पडीक ठेवल्याचे दुसरे उदाहरण या देशात शोधावे लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या कुळांची बाजू घेतली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोतीपद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा कुळकायदा, १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४९ चा खोती नाहीशी करण्याचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या क्रमाने कसणारा मालक झाला. हा न्याय होता आणि तो फार उशिरा मिळालेला न्याय होता, यात शंका नाही.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारणे अवश्य आहे, आणि तो आजवर फारसा विचारला गेलेला नाही. शिलोत्रदाराचा हक्क कायद्याने गेला; त्याचे कर्तव्य कोणाकडे आले? छोट्या छोट्या तुकड्यांच्या नव्या मालकांकडे दुरुस्तीचे भांडवल नव्हते. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने बांधबंदिस्तीची कामे सरकारी योजनेत आणण्याची तरतूद केली व पुढे महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ याने तीच दिशा अधिक पक्की केली. सरकारने जबाबदारी घेतली, हे स्वागतार्हच होते. पण बांध सरकारचा झाला तसतसा जोळ विसरला गेला. खांड पडली असता जो माणूस पूर्वी पाटी व कुदळ घेऊन निघत असे, तो अर्ज घेऊन निघू लागला. उधाण पंधरा दिवसांनी येते. अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा यांचा फेरा त्याहून पुष्कळ लांब असतो. या दोन कालगणनांतील अंतरातच खारेपाटातील पुष्कळशी शेते बुडालेली आहेत, असे माझे मत आहे. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या उत्तम जाती दिल्या; परंतु क्षार सोसणारे भात म्हणजे उधाणात बुडालेले भात नव्हे.

यानंतर जे घडले ते नियोजनशास्त्राच्या दृष्टीने अधिकच उद्‌बोधक आहे. खांड बुजली नाही की खाडीचे पाणी शेतात ये-जा करू लागते आणि काही वर्षांत तेथे तिवरांचे रान उभे राहते. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यातील कांदळवनांची तोड थांबविली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम केले. लाटा थोपविण्यास, माशांच्या पैदाशीस आणि किनारा टिकविण्यास कांदळवन किती उपयोगी आहे हे सांगण्याची येथे आवश्यकता नाही; तो निकाल योग्यच होता. परंतु ज्या शेतकऱ्याचे सातबारावरील भातशेत बांध न राखला गेल्यामुळे तिवरांखाली गेले, त्याच्यापुढे विलक्षण पेच उभा राहिला. बांध पुन्हा घालून जमीन सोडवावी तर कांदळवनास धक्का लागतो. न घालावा तर शेत केवळ कागदावर राहते. एका खात्याच्या दिरंगाईने निर्माण झालेले अरण्य दुसऱ्या खात्याच्या कायद्याने संरक्षित झाले. पर्यावरणाचे रक्षण आणि शेतकऱ्याचे रक्षण यांत मुळात विरोध होता असे नाही. जुन्या व्यवस्थेत बांधाच्या आत भात व बाहेर तिवर, अशी हद्द ठरलेली होती, आणि बाहेरचे तिवर बांधाला लाटांपासून वाचवीत असे. हद्द राखणारी संस्था गेली, तेव्हा ही दोन्ही एकमेकांवर घातली गेली.

आता दळणवळणाकडे वळू. पेणचे महत्त्व घाट आणि खाडी यांच्या सांध्यावर असण्यात होते. बोरघाटातून उतरलेला माल खोपोली-पेण वाटेने खाडीस लागे. पेणजवळचे अंतोरे बंदर भरतीच्या पाण्यावर चालणारे होते, आणि तेथून मचवे व पडाव मुंबईस जात. भात, मीठ, जळाऊ लाकूड व कोळसा हा त्यांचा मुख्य माल. रोह्याचीही गत तीच. कुंडलिकेच्या भरतीवर लहान गलबते वर येत. अंबेवरील नागोठणे हे तर एके काळी महाबळेश्वरास जाणाऱ्या मुंबईकरांचे उतरण्याचे ठिकाण होते. या वाहतुकीस इंधन लागत नव्हते, असे आजच्या वाचकास सांगितले तर त्याला ते कौतुकाचे वाटेल. पण तिला वेळ फार लागे, आणि पावसाळ्यात ती जवळजवळ बंद असे, हेही सांगितले पाहिजे.

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा घाटाखालच्या बंदरांना बहर आला. १८६३ साली लोहमार्ग त्याच घाटातून वर चढला, तेव्हा देशावरचा माल खाडीस न उतरता परभारे मुंबईस जाऊ लागला. पेणचा व्यापार यामुळे एकदम नाहीसा झाला नाही, परंतु ते देशाचे बंदर न राहता तालुक्याचे बंदर झाले. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या. डोंगरावरील जंगलतोड आणि खाडीतील गाळ यांचा संबंध त्या काळी सरकारी कागदपत्रांत क्वचितच जोडलेला दिसतो. जंगलाचा विचार होई तो महसुलाच्या व लोकांच्या हक्कांच्या अंगाने. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राब व लाकूडफाटा यांवरील निर्बंधांविरुद्ध एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. तो असंतोष शमला नाही. २५ सप्टेंबर १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात तो पुन्हा प्रकट झाला.

या प्रदेशाला रेल्वे मिळाली ती त्यानंतर शतकाहूनही अधिक काळाने. कोकणात रेल्वे हवी ही मागणी अ. बा. वालावलकर यांनी लावून धरली, संसदेत बॅ. नाथ पै यांनी ती मांडली, आणि १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर तिला गती आली. आपटे ते रोहे हा मार्ग १९८६ साली पुरा झाला, आणि काही वर्षे रोहे हे कोकणच्या रेल्वेचे शेवटचे स्थानक राहिले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्रास अर्पण झाला, तेव्हा रोहे हे शेवटाचे स्थानक न राहता मध्य रेल्वे जेथे संपते व कोकण रेल्वे जेथे सुरू होते असे सांध्याचे स्थानक बनले. पेणला मात्र सांध्याचे भाग्य अर्धेच लाभले: थळ येथील खत कारखान्यासाठी पेणहून जी लोहवाट काढण्यात आली ती मालवाहतुकीसाठी होती. अलिबागकडे जाणाऱ्या प्रवाशाने रुळांकडे पाहत रस्त्याने जावे, अशी ही व्यवस्था झाली.

रस्त्याची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती सर्वांस परिचित आहे. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ व आताचा ६६, पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड या क्रमाने या दोन तालुक्यांतून जातो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. मार्गावरील कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ पासूनचे आहे. तेथे रस्ता रुंद करण्यास वनविषयक परवानग्यांचा अडसर आला, याची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. त्या मानाने दुसऱ्या एका गोष्टीची चर्चा झाली नाही. खारेपाटासारख्या सपाट भूमीत रस्त्याचा वा लोहमार्गाचा भराव हा स्वतःच एक बांध असतो. जुना खारबांध खाडीचे पाणी बाहेर ठेवी व पावसाचे पाणी उघाडीतून सोडी. नव्या भरावाखालच्या मोऱ्या जर पाण्याचा ओघ न पाहता केवळ अंतर मोजून ठेवल्या गेल्या, तर तो भराव डोंगराचे पाणी आत कोंडतो. अंबेच्या खोऱ्यातील जांभूळपाडा गावाची जुलै १९८९ च्या महापुरात जी भीषण हानी झाली, ती आठवता या खोऱ्यांत पाण्याला वाट ठेवणे ही किती गंभीर बाब आहे हे ध्यानी येईल.

रोह्याच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न निराळ्या वाटेने उभा राहिला. कुंडलिका ही इतर कोकणी नद्यांप्रमाणे पावसाळ्यानंतर आटणारी नदी होती. परंतु टाटांच्या योजनेनुसार मुळशी येथे धरण बांधून नीला व मुळा या पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडण्यात आले, आणि १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले. वीज मुंबईस गेली. वीज करून उरलेले पाणी कुंडलिकेत आले. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून जो सत्याग्रह केला तो आपण जाणतोच. पण ज्या पाण्याखाली मुळशीची शेते गेली त्याच पाण्याने पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून रोहे-माणगावची शेते उन्हाळ्यात भिजली, ही त्या कथेची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. एका खोऱ्याचा तोटा हा दुसऱ्या खोऱ्याचा लाभ ठरला, आणि दोन्ही खोऱ्यांतील लोकांस त्याविषयी कोणी विचारले नव्हते.

बारमाही नदी झाली म्हणूनच तेथे कारखाने आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, आणि पुढे रोह्याजवळ धाटाव येथे प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. याच तालुक्यात नागोठण्यास पेट्रोरसायनांचा प्रचंड प्रकल्प आला. नोव्हेंबर १९९० मध्ये तेथे झालेल्या स्फोटात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. पेण तालुक्यात डोलवी येथे अंबेच्या खाडीकाठी पोलादाचा कारखाना निघाला. या उद्योगांनी रोजगार दिला, गावांत पक्की घरे आणली, शाळा-महाविद्यालयांना विद्यार्थी दिले. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ज्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते आणि कुंडलिका त्यांत होती. नियोजनाचा दोष येथे स्पष्ट दिसतो. वसाहतीची जागा ठरविताना पाणी किती मिळेल हे मोजले गेले. सोडलेले पाणी भरतीबरोबर किती वर चढेल आणि खाडीत किती काळ घोळत राहील, याला तेवढे महत्त्व दिले गेले नाही. खालच्या अंगाच्या कोळ्यांना भरती-ओहोटीचे हे गणित अवगत होते. सल्लामसलतीची पद्धत असती तर त्यांनी ते सांगितले असते.

१९६६ च्या अधिनियमानंतर औपचारिक नियोजन सुरू झाले ते मुंबईच्या गरजेतून. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ साली मंजूर झाली व १९७५ साली प्रदेश विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. त्या प्रदेशाची सीमारेषा पेण तालुक्याच्या मधून गेली. तालुक्याचा काही भाग आत, काही बाहेर. रोहे पूर्णपणे बाहेर राहिले. पाणलोट, बांध, बाजार वा भाषेची लकब यांपैकी कशाचाही विचार या रेषेत दिसत नाही; मुंबईपासूनचे अंतर हेच तिचे प्रमाण होते. २०१९ साली पेणचा उरलेला भागही महानगर प्रदेशात घेण्यात आला. मध्यंतरी २०१३ साली नियोजित विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी सिडकोची नैना नावाने ओळखली जाणारी योजना आली व पेणची काही गावे तीत गेली. एकाच गावास निरनिराळ्या वेळी निरनिराळे नियोजन प्राधिकरण लाभल्याने, बांधकामाची परवानगी कोठे मागावी हा प्रश्न सुद्धा ग्रामस्थांस अभ्यासाचा विषय होऊन बसला.

पाण्याचीही तीच कथा. पेण तालुक्यात भोगेश्वरीवर हेटवणे येथे धरण झाले ते तालुक्याच्या सिंचनाची आशा दाखवून. त्याचे पाणी नव्या मुंबईच्या नळांस मोठ्या प्रमाणात गेले, आणि वाशी-शिर्की भागातील खारेपाटाच्या गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, असे म्हणण्याची रीत आहे. येथे ती शब्दशः खरी ठरली.

या सर्व पार्श्वभूमीवर २००६ ते २००९ या काळातील घडामोडी पाहाव्या लागतात. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानुसार पेण, पनवेल व उरण या तालुक्यांतील ४५ गावांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी संपादन करण्याचे ठरले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या शेतकरी कामगार पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याने विरोधाचे नेतृत्व केले. आंदोलनाचा मुख्य आधार होता तो भावनेचा नव्हे, जलसिंचनाचा: पेण तालुक्यातील २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात मोडतात, आणि ओलिताखाली येणारी सुपीक जमीन अशा कामास घेऊ नये, हे सरकारचेच धोरण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या पाण्याची गावांनी अनेक वर्षे वाट पाहिली, ते न आलेले पाणीच त्यांच्या बचावाचे शस्त्र झाले.

२१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने त्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मतदान घेतले. जमीन देण्यास तुम्ही राजी आहात की नाही, हा प्रश्न खातेदारांस मतपत्रिकेद्वारे विचारला गेला. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी असा कौल घेण्याचा हा देशातील पहिलाच प्रसंग होता. कौल मोठ्या बहुमताने विरोधात गेला. या मतदानास कायद्याचे बंधन नव्हते, आणि काही भाष्यकारांनी त्यावरून त्यास निरर्थक ठरविले. ते मत मला ग्राह्य वाटत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात निवाडा करण्यास दोन वर्षांची मुदत होती. सरकारने ती संपेपर्यंत पाऊल पुढे टाकले नाही, आणि २००९ साली संपादन व्यपगत झाले. कायद्याच्या दृष्टीने मुदत संपली; परंतु मुदत संपू देण्यास कारण काय घडले, हे मतपेट्यांतून निघालेल्या कागदांवरून कळते. हा तालुका विनोबा भाव्यांचा जन्मतालुका आहे. १८९५ साली त्यांचा जन्म गागोदे येथे झाला. ग्रामदानात गावाने आपखुशीने जमीन द्यावी, ही कल्पना त्यांनी देशाला दिली. जमीन न देण्याचा हक्कही गावाचाच आहे, हे त्यांच्या तालुक्याने मतपत्रिकेवर नोंदविले.

त्यानंतर जमीन वाचली असे जे म्हटले जाते ते मात्र अर्धेच खरे आहे. संपादन टळले, पण बांध दुरुस्त झाले नाहीत, धरणाचे कालवे पुरे झाले नाहीत, आणि जमिनीचा भाव भाताच्या उत्पन्नाशी काहीही संबंध नसलेल्या पातळीवर चढला. संपादनास सामुदायिक नकार देणारे गाव एकेकट्या खरेदीखतापुढे असाहाय्य असते. जोळ बोलावण्यास हाक पुरेशी होती. खरेदीखत गुपचूप होते. हमरापूर, जोहे, कळवे या गावांनी गणेशमूर्तींच्या धंद्यावर आपला संसार उभा केला, आणि पेणचे पोहे व पापड यांनी अनेक घरे चालविली. अशा गृहोद्योगांनी शेतीचा भार हलका केला. परंतु कोणत्याही प्रादेशिक योजनेच्या नकाशावर या धंद्यांना रंग नाही. निवासी पिवळा, औद्योगिक जांभळा, हरित हिरवा. मूर्तीच्या कारखान्याला, पोह्यांच्या गिरणीला आणि जिताड्याच्या तळ्याला कोणता रंग द्यावा हे नियोजनकारांनी अद्याप ठरविलेले नाही.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू खुला झाला, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. ग्रामस्थांकडून हरकती मागविण्यात आल्या व त्या मोठ्या संख्येने आल्या. या नवनगराच्या नकाशाचे काम करणाऱ्यांनी गावनिहाय बांधांची, उघाड्यांची व खांडींची नोंद प्रथम करून घ्यावी. कोणत्या बांधाखाली कोणती शेते, कोणती उघाडी कोणत्या ओहोळास लागते, १९८९ व २००५ साली पाणी कोठवर चढले, ही माहिती कचेऱ्यांतून विखुरलेली आहे, आणि तिचा सर्वांत मोठा भाग अद्याप जोळ पाहिलेल्या वृद्ध शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी विषय हवा असल्यास त्यांनी वाशी, शिर्की व वडखळच्या बाजूस जाऊन, उधाणाच्या तिथीस बांधावर उभे राहून, ती माहिती गावकऱ्यांकडून नावनिशीवार लिहून घ्यावी.